उन-आताची जिवंत तार

काराकोलच्या जुन्या सिनेमाघरात त्या रविवारी उभं राहायलाही जागा नव्हती. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत माणसांच्या श्वासांनी घामेजलेल्या खिडक्या. कुणीतरी अर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या सुगंधी जुनिपरच्या, डहाळ्या पेटवल्या होत्या, त्यांच्या धुराने माझं तान्हं बाळ सारखं शिंकत होतं. मंचावर एक टेबल, टेबलावर जुना टेपरेकॉर्डर, एक मोठा हेडफोन आणि मखमलीवर मांडलेल्या दोन तारा. एक काळी, एक पांढरी.

"तांबं बहिरं असतं, माझ्या लेकरांनो!" उन-आता म्हणाला. उन म्हणजे आवाज, आता म्हणजे बाप. आवाजांचा हा बाप दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाजारात अर्झिमात या नावाने मोबाइलची कव्हरं विकत असे. आता त्याची दाढी छातीपर्यंत आली होती आणि डोक्यावर काल्पाक, पांढऱ्या लोकरीचा उंच टोप, होता. "कारखान्यात जन्मलेली तार म्हणजे आईविना पोर. तिला कुणी अंगाई गायली नाही, ती तुम्हाला काय गाऊन दाखवणार? ही काळी तार मेलेली आहे. आणि ही पांढरी... ही चाळीस दिवस हिमनदीखाली झोपली, चाळीस दिवस घोडीच्या दुधात न्हाली. हिच्या पोटात पूर्वजांचा श्वास आहे!"

पहिल्या रांगेतल्या बायका मुसमुसू लागल्या.

त्याने एका म्हाताऱ्या मेंढपाळाला वर बोलावलं, हेडफोनला काळी तार जोडली आणि टेप सुरू केला.

"ऐकू येतंय, आजोबा?"

"खूप लांबून. डोंगरापलीकडं कुणी कोमुझ वाजवतंय असं."

"बघा सगळे, मी बटणाला हात लावत नाही!" दोन्ही हात वर करून त्याने टाळी वाजवली. मग काळी काढली, पांढरी जोडली. म्हातारा बसल्या जागी दचकला, हातातली काठी पडली आणि तो ओरडला, "अरे, मांडीवर बसून वाजवतोय हा!"

सिनेमाघर गरजलं. बटण खरोखरच कुणी हलवलं नव्हतं. मी टक लावून पाहत होते.

पुढची पाळी माझ्या मुलीची होती.

अकमारल साडेपाच वर्षांची. गेल्या वर्षी मेंदूज्वरातून वाचली, पण कानांतलं बरंचसं तिथेच ठेवून आली. मागून हाक मारली तर वळत नाही. पूर्वी बडबडी होती, आता शब्दांची टोकं गळायला लागली आहेत. कानांच्या डॉक्टर रोझा यांनी मला नीट सांगितलं होतं: बिश्केकहून कानांची यंत्रं बसवणारे लोक वर्षातून दोनदाच येतात, या वेळी येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या गुरुवारी येणार आहेत, चुकलं तर थेट पानगळीत. "तोवर ही बोलणं विसरेल. वाट बघू नकोस, पोरी."

पण घरात शब्द माझ्या सासूबाईंचा. तुर्सुनाय आपा वाईट नाहीत. अकमारलच्या तापाच्या दिवसांत नऊ रात्री खुर्चीत बसून होत्या. फक्त कानातल्या यंत्राचं नाव निघालं की त्यांचा चेहरा दगड होई. "पोरीला आत्तापासून शिक्का मारायचा? उद्या हिला कोण सून करून नेईल?" नवरा नोवोसिबिर्स्कला बांधकामावर. फोनवर तो म्हणाला, "आई म्हणते तसं एकदा करून बघ ना, आइझिरेक. बिघडतंय काय?"

अकमारल मंचावर चढली. काळी तार. तिने मान हलवली, काही नाही. पांढरी तार. आणि माझ्या लेकीचा चेहरा, मी काय सांगू, चेहरा फुलासारखा उघडला. ती खिदळली. टाचा आपटायला लागली. कोमुझच्या तालावर, अगदी बरोबर तालावर.

एक क्षण, खोटं कशाला बोलू, एक क्षण मीही हात जोडले.

मग ती नाचता नाचता वळली आणि पांढरी तार दिव्याच्या उजेडात आली. जिथे एका तारेच्या दोन होऊन कानांकडे जातात, तिथे काळ्या-पांढऱ्या धाग्याची छोटी गाठ होती. तीन वेढे, एक उलटा.

ती गाठ माझी होती.

मी घरी हेडफोनच्या तारा बनवते. लोकांचे चांगले हेडफोन तारेपाशीच मरतात. पिनेपाशी तार वाकून वाकून तुटते आणि सोन्यासारखी वस्तू कचऱ्यात जाते. बाळ पाळण्यात झोपलं की मी स्वयंपाकघराच्या टेबलावर चार बारीक तारा घेते, दोरीचं पोकळ कापडी वेष्टण वरून ओढते, मुलीची वेणी घालावी तशी चौपेडी घालते, पिनेत कथलाचे टाके देते, वर नळी सरकवून गरम हवेने आकसवते. आणि प्रत्येक तारेच्या पोटात एक काळा-पांढरा पिळाचा धागा घालते. अकमारल पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा तिच्या पायांना असाच धागा बांधला होता. मुलं शर्यत धावली, जिंकलेल्या मुलीने तो कापला आणि माझी लेक मोकळी होऊन चार पावलं चालली. उरलेला धागा माझ्याकडे होता. एकदा घालून पाहिला तर कामाचा निघाला. तार ओढली गेली की ताण धाग्यावर येतो, तांब्यावर नाही. तेव्हापासून ती माझी खूण.

म्हणजे हिमनदीखाली चाळीस दिवस झोपलेली तार प्रत्यक्षात माझ्या टेबलावर लापशीच्या भांड्याशेजारी दीड दिवस पडून होती. घोडीचं दूध नव्हे, फार तर बाळाचं सांडलं असेल.

हे काम मला एसेनबेक अगायनी शिकवलं. अगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी. मी चौदा वर्षांची असताना बाजारातल्या त्यांच्या रेडिओच्या टपरीत माझ्या वडिलांचा बिघडलेला रेडिओ घेऊन गेले, ती तिथेच रमले. मुलगी म्हणून हसले नाहीत. भिंग हातात दिलं आणि म्हणाले, "टाका चमकला पाहिजे. मळकट दिसला तर तो खोटं बोलतोय." वडील गेले तेव्हा पहिली मूठ माती अगायनी टाकली. गेलं वर्षभर ते दर महिन्याला माझ्याकडून वीस तारा नेत. "बिश्केकच्या संगीतशाळेसाठी," म्हणत.

सोमवारी सकाळी मी टपरीवर गेले.

"अगाय, माझ्या तारा उन-आताकडे कशा गेल्या?"

त्यांनी चष्मा पुसला. "संगीतशाळेनं विकल्या असतील कुणाला. पोरी, पोर हसली ना?"

"हसली."

"मग करू दे. चाळीस दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

त्यांनी म्हटलं म्हणून मी घरी आले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आले नसते.

उन-आताने एका मेंढीच्या किमतीत आम्हाला हेडफोन, टेपरेकॉर्डर आणि दोन्ही तारा दिल्या होत्या. विधी असा: रोज आधी काळी तार, पाच मिनिटं, "कानाला भूक लागू दे." मग पांढरी, एक तास. आवाजाचं बटण शेवटच्या टोकाला, हलवायचं नाही. चाळीस दिवसांत कानात यंत्र घातलं तर तार रुसून मरेल. दोन्ही तारांच्या पिनांवर काळा-पांढरा धागा घट्ट गुंडाळून गाठ मारलेली. "हा पूर्वजांचा बंध आहे. शर्यत न जिंकता जो हा धागा कापेल, त्याच्या सात बापजाद्यांची नावं तुटतील!"

हे ऐकून अख्ख्या गावात एकानेही पीन उघडून पाहिली नव्हती. आमच्याकडे माणूस थंडीला भीत नाही, लांडग्याला भीत नाही. पण तो धागा असा उगाच कापायला कुणाची कात्री धजत नाही. अर्झिमात आमच्यातलाच. कुलूप कुठे लावायचं हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

बुधवारी अकमारल माझ्या मांडीवर येऊन बसली आणि कान चोळत म्हणाली, "आई, कानात मधमाशी आहे."

"आत्ता?"

"सारखी. झोपते तेव्हापण."

आपा आनंदाने उठल्या. "उन-आता म्हणालेच होते! पूर्वज कुजबुजायला लागले की गुणगुण येते!"

मी बाहेर जाऊन डॉक्टर रोझांना फोन केला. त्या ओरडल्याच. "उरलेलं ऐकू येतं तेही जाळताय तुम्ही! ती मधमाशी नाही, कान रडतोय तिचा. आजच्या आज बंद कर!"

आपांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला यंत्र खपवायचं आहे."

"आणि उन-आताला?"

"जीभ सांभाळ, सूनबाई."

त्या संध्याकाळपासून आपांचं लक्ष नसताना मी बटण मागे फिरवू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा शेजारी बोओरसोक तळायला गेल्या होत्या. मी दार लावलं, काळी तार टेबलावर घेतली. मीटर लावला. चांगली तार मीटरवर जवळजवळ शून्य दाखवते. म्हणजे वीज सरळ पलीकडे जाते. काळीने साडेतीनशेच्या आसपास आकडा दाखवला. वाटेत कुणीतरी भिंत बांधली होती.

कात्री हातात घेतली आणि थांबले. मी शिकलेली बाई, मीटर वापरणारी. तरी माझा हात थरथरला. आमच्याकडे प्रत्येकाला पाठ असावी लागतात ती सात बापजाद्यांची नावं मनात एकदा म्हणून घेतली, आणि धागा कापला.

सात नावं पुन्हा म्हटली. सातही जागेवर होती.

पीन फिरवून उघडली. आत दोन रेझिस्टर होते, तांदळाच्या कणीएवढे, डाव्या कानाला एक, उजव्या कानाला एक. आवाज अडवायचं काम करतात, बस. काळ्या तारेत आवाज अडतो म्हणून मेलेली वाटते. पांढरीत अडत नाही म्हणून जिवंत. मुळात दोघी सारख्या, माझ्याच टेबलावरच्या. बटण हलवायची गरजच नाही. बटण पिनेच्या पोटात आहे. आणि टेपच एवढा मोठ्याने लावलेला की अर्धा बहिरा कानही दचकून ऐकेल.

हसू येणार होतं. तेवढ्यात मी भिंग लावलं.

टाके चमकत होते. स्वच्छ, गोल, आरशासारखे. आणि टाका देण्याआधी प्रत्येक बारीक तारेचं टोक वाकवून त्याचा इवलासा आकडा केलेला होता. "कथील सुटलं तरी आकडा धरून ठेवतो," असं सांगत हा आकडा करायला मला एकाच माणसाने शिकवलं आहे. काराकोलमध्ये असे आकडे दोनच माणसं करतात. त्यातली एक मी.

अक्षर ओळखावं तसा मी तो टाका ओळखला. पिनेच्या आतला माझा धागासुद्धा कापून टाकलेला नव्हता. बाजूला सारून, काम करून, परत नीट बांधलेला होता. माझ्या पद्धतीने. तीन वेढे, एक उलटा.

बाळ उठून रडत होतं आणि मला ते बराच वेळ ऐकूच आलं नाही.

शुक्रवारी मी उघडी पीन अगायच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चहा ओतायला घेतला.

"मला वाटलं खेळ आहे," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं, लोकांना गंमत दाखवायची. रेडिओ आता कुणी दुरुस्त करतं का, पोरी? दिवसदिवस माणूस फिरकत नाही इथं. त्याच्याकडे गेलो की म्हातारे माझा हात डोळ्यांना लावतात."

"अकमारल वर गेली ते कळलं होतं तुम्हाला?"

ते चहा ओततच राहिले.

"सोमवारी मी आले तेव्हा कळलं होतं ना? तरी म्हणालात, करू दे."

"थांबवलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"तिच्या कानात मधमाशी आहे, अगाय. रविवारी या. तुम्ही सांगा लोकांना, तुमचं ऐकतील."

त्यांनी पेला काठोकाठ भरून माझ्यापुढे सरकवला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच पेला देतात, पुन्हापुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे, ऊठ. बारा वर्षं त्या टपरीत मला अर्धा पेला मिळत आला होता.

मी न पिता उठले.

शनिवारी दुपारी, बाळ झोपल्यावर, मी एक काम केलं. काळ्या तारेतल्या दोन्ही कण्या काढल्या आणि पांढरीत बसवल्या. वर त्यांच्यासारखाच धागा गुंडाळला. आकडे करायला विसरले नाही.

रविवारी उन-आताने फुगून जाहीर केलं, "गेल्या आठवड्यातली बहिरी पोर! पूर्वज तिच्याशी बोलायला लागलेत!" आपांनी अकमारलचा फ्रॉक सारखा केला. मी बाळाला त्यांच्या कुशीत दिलं आणि लेकीचा हात धरून वर गेले.

"आमच्याच तारा आणल्यात, उन-आता," मी म्हटलं. "आवाज मात्र निम्म्यावर ठेवा, कान दुखतोय तिचा."

"निम्म्यावर काय, जिवंत तार कुजबुजली तरी पुरे!" त्याने बटण मागे फिरवलं, काळी तार जोडली. सवयीने माझ्या मुलीकडे न बघताच लोकांकडे वळला. "मेलेली तार! काय ऐकणार बिचारी..."

अकमारल टाळ्या वाजवत होती. "कोमुझ! आई, कोमुझ!"

सभागृहात चुळबुळ झाली. अर्झिमातने घाईने पांढरी जोडली. अकमारलने मान हलवली. काही नाही. त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तार रुसली आहे!" तो ओरडला. "या घरात कुणीतरी अपवित्र..."

"रात्री घोडीचं दूध पाजायचं राहिलं असेल!" मागून आशलान-फूच्या गार शेवया विकणारी झिपार एजे, आमची झिपारताई, ओरडली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी खिशातून कात्री काढली. पहिली रांग उभीच राहिली. "आइझिरेक! धागा नको!" हा आवाज आपांचा होता.

"आपा," मी म्हटलं, "हा धागा आपण लेकरांच्या पायांना कशासाठी बांधतो? जन्मभर बांधलेला राहावा म्हणून? आपण तो कापण्यासाठी बांधतो. कापल्याशिवाय आपलं एकही पोर चाललेलं नाही."

मी कात्री अकमारलच्या हातात दिली. तिने जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी, पांढऱ्या तारेचा धागा कापला. आभाळ कोसळलं नाही. बाळ शिंकलं तेवढंच.

पीन उघडून मी दोन कण्या कात्रीने कापून तळहातावर घेतल्या आणि रांगेरांगेतून फिरले. सांगितलं की काल या काळ्या तारेत होत्या, मी पांढरीत घातल्या. ज्या तारेत या, ती मेलेली. बाजारात मूठभर मिळतात. मेंढपाळ आजोबांनी मला पांढरीतली तुटलेली टोकं कण्यांशिवाय पिळून जोडायला लावली आणि ऐकलं. पुन्हा मांडीवर बसून वाजलं. ते मोठ्याने हसले, मग एकदम हसायचे थांबले. "माझी मेंढी गाभण होती रे," ते अर्झिमातला म्हणाले.

"हे हिनंच घातलंय!" अर्झिमात किंचाळला. "पुरावा काय? माझ्या तारेत हे आधी होतं याचा पुरावा काय?"

शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, एसेनबेक अगाय उभे होते. आले होते तर. मी त्यांच्यापुढे भिंग आणि काळी पीन धरली. जुन्या टाक्यांच्या खुणा तिच्यात अजून होत्या.

"अगाय, हा टाका कुणाचा?"

सगळं सिनेमाघर वळलं. त्यांनी भिंग घेतलं, डोळ्याला लावलं. फार वेळ लावून ठेवलं. मला वाटलं, आत्ता बोलतील.

"डोळे गेलेत माझे, पोरी," ते म्हणाले. "काही दिसत नाही."

भिंग माझ्या हातात परत देऊन ते दारातून बाहेर पडले. बर्फात चाचपडले नाहीत. पायऱ्या नीट बघून उतरले.

पुरावा लोकांनीच काढला. झिपार एजेने घरून आणलेली तिची काळी तार टेबलावर आपटली. "माझा धागा कापा! मला बापजाद्यांची सातच काय, तीनच नावं आठवतात, तुटून काय तुटणार?" तिच्या पिनेतून दोन कण्या निघाल्या. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. कात्री हातोहात फिरायला लागली. अर्झिमात मागच्या दाराने गेला, काल्पाक टेबलावर राहिला.

बुधवारी आपांनीच अकमारलचे लोकरी मोजे काढून ठेवले आणि म्हणाल्या, "उद्या लवकर निघावं लागेल. रांग असते तिथे."

गुरुवारी यंत्रं बसली. डॉक्टर रोझांनी आधी तपासणी केली, ऐकण्याच्या आलेखाचे जुना आणि नवा असे दोन कागद शेजारी ठेवले. उजवा कान होता तसा. डाव्याची रेघ खाली गेली होती. "थोडी वर येईल कदाचित," त्या म्हणाल्या. "सगळी येणार नाही." फक्त काही दिवस ती तार कानाला होती. सोमवारी सकाळी कुणी खरं बोललं असतं तर त्याहून कमी.

मी अजून तारा बनवते. धागा अजून घालते, तो तारेचा ताण घेतो, त्याला दुसरं काही येत नाही. पण पिनेला पूर्वीसारखा गोंद आता लावत नाही. ज्याला हवी त्याने उघडून पाहावी. परवा मी टाका देत होते तेव्हा अकमारल मागे खेळत होती. मागे, माझ्याकडे पाठ करून. कथील तापून चरचरलं आणि ती वळली.

"आई, ते काय बोललं?"

हाक न मारता वळली. मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि तिला जवळ घेतलं.

म्हणून ही कथा वाचणाऱ्या आयांना, बापांना, सासवांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी म्हणा, उघडून दाखव. उघडलं तर शाप लागेल असं तो म्हणाला तर नक्कीच उघडा, कारण खरी वस्तू उघडायला घाबरत नाही. अनोळखी माणसाने दाखवली तरी उघडा. आणि ज्याने तुम्हाला उघडायला शिकवलं, त्यानेच सांगितलं की राहू दे, तरी उघडा. तेव्हा हात जास्त थरथरेल. पण मागे पाठ करून एक मूल खेळत असतं, आणि त्याचे दिवस मोजके असतात.